तोहमत आणि तपासणी

इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात एमजीबी नावाची छोटी स्पोर्ट्स कार तयार होत असे. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. हौशी माणसे आजही त्या जपून चालवतात. सुरुवातीच्या एमजीबीला जुळे एसयू कार्बुरेटर असत. गाडी बिघडली की पहिला संशय त्यांच्यावरच येतो. इंजिन थरथरते, काळा धूर येतो, प्लग काजळतात. 'पेट्रोल जास्त जातंय,' असे म्हणून मालक जेटखालचा नट फिरवायला बसतो.

जाणकार कारागीर त्या नटाला आधी हात लावत नाही. तो टॅपेटचे अंतर पाहतो, प्लग काढतो, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट तपासतो. पॉइंट जळलेले असतील तर ठिणगी कमजोर पडते, पेट्रोल पुरते जळत नाही आणि प्लग काळे होतात. कसूर ठिणगीची, नाव मात्र कार्बुरेटरचे! मिश्रणाची परीक्षा तो सर्वांत शेवटी घेतो. कार्बुरेटरमधला पिस्टन पिनने जेमतेम 0.8 मिलिमीटर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, वेग पडला तर कमी, क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर.

पुराव्याआधी तोहमत लावू नये, हा धडा आपण सारेच जाणतो. मला अस्वस्थ करते ती त्यापुढची गोष्ट. घाईने नट फिरवणाऱ्याला थोडे यशही मिळते. पेट्रोल कमी झाल्याने धूर घटतो आणि आपला संशय खरा होता, असे त्याला वाटते. पुढे कधीतरी पॉइंट बदलले जातात. ठिणगी सुधारते, पण आता रेस देताच इंजिन अडखळते, कार्बुरेटरमधून उलटा फटफट आवाज येतो. या वेळी तपासले तर दोष खरोखरच कार्बुरेटरमध्ये सापडतो! आरोप खोटा होता. शिक्षेने तो खरा केला. मग गुन्हेगार कोण?

वर्गात मी हेच केले आहे. एक मुलगा धडा वाचायला सांगितला की गप्प उभा राहायचा. मी त्याला कामचोर ठरवून मागच्या बाकावर बसवले. त्याच्या घरी कोकणी बोलत. पुस्तकातली उर्दू त्याला नीट कळतच नव्हती. हे मला सहा महिन्यांनी समजले. तोवर तो खरोखरच अभ्यास टाळू लागला होता.

खोट्या आरोपानंतर 'चूक झाली' म्हणून सुटका होत नाही. आपण जे बिघडवले ते पूर्ववत करणे आपल्याच माथी उरते. एसयूचे काम सोपे आहे. नट पूर्ण वर घेऊन जेट काठाशी आणायचा, तेथून दोन फेरे खाली सोडायचा. सुरुवातीची जागा सापडते. त्या मुलाच्या बाबतीत मी किती फेरे दिले, ते मोजलेच नव्हते. वर्षाचे उरलेले महिने मधल्या सुट्टीत मी त्याच्याजवळ बसून वाचत राहिलो. तो वाचायला शिकला. माझ्या नजरेला नजर मात्र त्याने वर्षअखेरपर्यंत दिली नाही.