कानाने माती चाळताना

पायाखाली बघा.

लाल माती. तिच्यात पांढऱ्या गारगोटीचे तुकडे, काही नखाएवढे, काही मुठीएवढे. मधूनच एखादा तपकिरी, जड, लोहाचा दगड.

अजून काही शोधू नका. नुसतं बघा.

हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं रान आहे. डनॉली आणि मोलिआगल या छोट्या गावांच्या आसपासचं, विरळ. ऑगस्टची अखेर, म्हणजे इथला हिवाळा सरत आलेला. आयर्नबार्कची झाडं उभी आहेत. साल काळी, खोल भेगांची.

वॉटलला पिवळा बहर आला आहे. त्याच्याकडे एकदा नीट बघून घ्या. आज डोळ्यांना दिसणारं पिवळं बहुधा तेवढंच असेल.

श्वास घ्या. गार हवेत निलगिरीचा वास आहे.

श्वास सोडा.

थंडी आहे तोवर सापांची फारशी काळजी नाही. उन्हाळ्यात मात्र हे मनन मी कुणाला सुचवणार नाही.

आता नजर जरा लांब न्या.

जमीन सपाट नाही. खड्डे आहेत, उंचवटे आहेत, फिकट मातीचे जुने ढीग आहेत. 1851 साली या राज्यात सोनं लागल्याची बातमी फुटली आणि जगभरातून माणसं इथे उतरली. त्यांनी वरची माती खरवडून धुतली. अरुंद, खोल खड्डे खणले. घोडे गोल फिरवून चिकणमाती पाण्यात कालवली. मग पुढच्या बातमीच्या मागे निघून गेली.

ही भूमी जाजा वुरुंग लोकांची. ते तिला म्हणतात, उलटी झालेली भूमी.

इथे थोडं थांबा.

खालचं वर आलं आहे. वरचं खाली गेलं आहे. तुम्ही ज्या मातीवर उभे आहात ती कुणीतरी तळातून उपसलेली असेल.

शोधणाऱ्याला हीच उलथापालथ वाचायची असते. आपल्याकडे झारेकरी सराफाच्या दुकानापुढची धूळ झाडून नेतात आणि धुतात. सोनं जिथे हाताळलं गेलं, तिथेच ते सांडलेलं असणार. इथेही तसंच. जुने लोक जिथे खणत होते तिथे सोनं होतं. ते खणायचे कुठे थांबले, ती कड बघा.

आणि मग वर बघा, टेकडीच्या माथ्याकडे.

तिथे गारगोटीची शीर आहे. लाखो वर्षं ती झिजते आहे. तिच्यातून सोनं सुटतं आणि उतारावर सरकतं. पण फार लांब जात नाही. गारगोटी पाण्याच्या अडीच-पावणेतीन पट जड, सोनं एकोणीस पट. पाऊस माती पुढे नेतो, खडे पुढे नेतो. सोनं मागे राहतं. सावकाश खाली बसत जातं, मुरमाखाली, खडकाच्या भेगेत.

तुमचाही श्वास खाली जाऊ द्या. छातीतून पोटात.

पुन्हा एकदा.

फोन बंद करा. यात अध्यात्म काही नाही. फोन खिशात चालू असला की मेटल डिटेक्टरच्या यंत्रात खरखर येते. बुटाच्या टोकात पोलाद असेल तर तेही बदला, नाहीतर यंत्राची कॉइल अंगठ्याजवळ आली की तुमचाच पाय बोलेल.

आता यंत्र उचला. लांब दांडा, खाली गोल कॉइल. वजन मनगटावर घेऊ नका, खांद्यावरच्या पट्ट्याला घेऊ द्या. हेडफोन कानावर चढवा.

रान गेलं. पाखरं गेली.

एक बारीक गुणगुण उरली. अखंड.

याला थ्रेशोल्ड म्हणतात. बरेच जण ही गुणगुण बंदच करून टाकतात, नाहीतर मोठी करून ठेवतात. मला दोन्ही पटत नाही. ती इतकी मंद हवी की तिच्यासाठी तुम्हाला कान द्यावा लागेल.

कान द्या.

फक्त ही गुणगुण. तिच्यात काही शोधायचं नाही. ती आता कशी आहे, एवढंच ओळखून घ्यायचं.

ऐकता ऐकता कॉइलमध्ये काय चाललं आहे ते मनापुढे आणा. तिच्यातून विजेचा एक ठोका जातो आणि तिथेच तुटतो. मग ती गप्प होते. या गप्प होण्यातच ती ऐकते. खाली धातू असेल तर ठोक्याने त्याच्यात उठलेली वीज अजून विझत असते, आणि विझताना कॉइलला कळते. तुकडा मोठा असेल तर उत्तर रेंगाळतं. बारीक कण असेल तर येता येताच विरतं.

ठोका. शांतता.

ठोका. शांतता.

एका सेकंदात शेकडो वेळा, काही यंत्रांत हजारो वेळा. तुम्हाला मात्र एकच सलग आवाज येतो.

1990 च्या दशकाच्या मध्यात ॲडलेडच्या मिनलॅब कंपनीची, ब्रूस कँडी यांनी घडवलेली अशी ठोक्यांवर चालणारी यंत्रं आली, आणि संपली म्हणून सोडून दिलेली रानं पुन्हा बोलू लागली. आधीच्या यंत्रांना या मातीतलं लोह फार भुलवायचं.

लोह अजूनही आहे. माती स्वतःच उत्तर देते.

म्हणून कॉइल जमिनीपासून वर उचला. खाली आणा.

आवाज फुगतो. दबतो.

वर नेताना श्वास आत. खाली आणताना श्वास बाहेर. घाई नाही.

वर. खाली.

हळूहळू यंत्राला या जागेचा आवाज कळतो आणि ते तो बाजूला ठेवतं. आता कॉइल वर गेली तरी गुणगुण हलत नाही. खाली आली तरी हलत नाही.

पुढे माती बदलेल. लालची पिवळी होईल, कोरडीची ओली. तिथे हे सगळं पहिल्यापासून करायचं. कंटाळू नका.

चला आता.

कॉइल जमिनीला जवळजवळ टेकलेली. डावीकडून उजवीकडे, एक संथ श्वास.

उजवीकडून डावीकडे, दुसरा.

टोकाला लक्ष ठेवा. तिथे हात आपोआप वर उठतो. कॉइल चार बोटं उचलली जाते, आणि तेवढ्या अंतरात कितीतरी सोनं ऐकायचं राहून जातं. हात उठतो आहे का? रागावू नका त्याच्यावर. खाली आणा. सपाट.

पाऊल पुढे टाका, पण अर्ध्या कॉइलएवढंच. आत्ता ऐकलेल्या जमिनीचा अर्धा भाग पुन्हा ऐकायचा.

डावीकडून उजवीकडे.

उजवीकडून डावीकडे.

कमरेला एक हलकी साखळी बांधलेली आहे. ती मागे घासत येते आणि पाचोळ्यात रेघ सोडते. ओळीच्या टोकाला वळा. रेघ बघा. तिच्या शेजारून परत या. कुठून चाललात, कुठे राहिलं, हे साखळी धरून ठेवते. तुम्हाला डोक्यात काही धरायचं नाही.

गुणगुण ऐका.

मन जाईल.

ते 1980 च्या सप्टेंबरात जाईल, इथून फार लांब नसलेल्या किंगोवरला. केव्हिन हिलियर यांच्या डिटेक्टरला तिथे 27 किलोंहून जास्त वजनाचा सोन्याचा एक गोळा लागला. हँड ऑफ फेथ. पुढे तो लास व्हेगासच्या एका कॅसिनोने 10 लाखांहून अधिक डॉलर मोजून घेतला.

मन आणखी मागे जाईल. 5 फेब्रुवारी 1869, मोलिआगल. जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स. झाडाच्या मुळांपाशी, जेमतेम इंचभर मातीखाली, वेलकम स्ट्रेंजर. त्यातलं नुसतं सोनंच 70 किलोंच्या वर भरलं. डनॉलीच्या तराजूत गोळा मावेना, म्हणून आधी ऐरणीवर फोडावा लागला.

जाऊ द्या मनाला. मलाही तो घणाचा आवाज ऐकत बसायला आवडतं.

पण मन डनॉलीच्या ऐरणीपाशी होतं, तेवढ्यात तुमच्या कॉइलखालून तीन श्वास जमीन निघून गेली. हात फिरत होता. ऐकलं कुणी नाही.

तीन श्वास मागे या.

डावीकडून.

आणि पुन्हा मन गेलं, की पुन्हा मागे या. दिवसातून कितीही वेळा. जमीन वाट बघते असं मी म्हणणार नाही. तिला काही पडलेली नाही. म्हणूनच मागे येताना लाजायचं कारण नाही.

उजवीकडून डावीकडे.

डावीकडून उजवीकडे.

थांबा.

काहीतरी झालं. आवाज आला असं म्हणता येणार नाही. गुणगुण जरा दबली आणि पुन्हा होती तशी झाली.

श्वास रोखला गेला असेल. सोडा तो.

त्याच जागेवरून कॉइल परत न्या. आहे. तिथेच, तेवढंच. आता बाजूला होऊन काटकोनात फिरवा. अजून आहे का?

बुटाने वरची माती थोडी खरवडा. पुन्हा ऐका. जमिनीचाच काही खेळ असेल तर आता तो विरेल. खरंच काही असेल तर थोडं ठळक होईल.

ठळक झालं.

कुदळ हळू घाला. जोरात घातली तर जे शोधता आहात त्याच्यावरच पडेल. एक ढेकूळ बाजूला. खड्डा ऐका. ढीग ऐका. कुणात आहे?

ढिगात.

पसाभर माती प्लास्टिकच्या स्कूपमध्ये घ्या. कॉइलवरून फिरवा. बोलते. आता तिची अर्धी दुसऱ्या हातात. कुठली अर्धी बोलते? ती ठेवा, मुकी टाकून द्या.

पुन्हा अर्धी.

अर्ध्याची अर्धी.

हातात चिमूटभर उरेपर्यंत.

कुदळीच्या दांड्याला लोहचुंबक लावलेलं आहे. चिमूट त्याच्याजवळ न्या.

काहीतरी पटकन चिकटतं. गंजलेला, वाकडा, बारीक. बुटाचा खिळा.

फेकू नका लगेच. बघा त्याच्याकडे. जुन्या गर्दीतल्या कुणाच्या तरी तळव्याखाली तो होता. तोही इथे खाली बघतच चालला असणार.

कधी शिशाचा छर्रा निघेल. त्याला चुंबक ओढत नाही, आणि हातात तो जडही लागतो. खिळ्याचं मला काही वाटत नाही. छर्रा मात्र चांगलाच लागतो मनाला.

खिळा खिशात टाका. जमिनीत परत गेला तर पुढच्या फेरीत तोच बोलेल.

आता खड्डा बुजवा. इथे शोधायला मायनर्स राइट नावाचा परवाना काढावा लागतो, आणि खणलेलं बुजवणं ही त्याची अटच आहे. पण अटीसाठी उरकू नका. माती हाताने लोटा. तळव्याला तिचा गारवा लागू द्या. वर पाचोळा पसरा, होता तसा.

एवढ्या उलट्या झालेल्या भूमीत ओंजळभर जागा सुलटी.

उठा. कॉइल सपाट. गुणगुण.

डावीकडून उजवीकडे.

खिळे निघतील. दगड निघतील. दुपार कलेल.

आणि कधीतरी तसाच एक दबका क्षण येईल. तशीच माती खरवडाल, तशीच अर्ध्याची अर्धी कराल. चुंबकाला काही चिकटणार नाही. मग बोटांनी माती चोळाल आणि तळहातावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी उरेल.

पिवळं. कडा घासून गुळगुळीत झालेल्या. गंज नाही, डाग नाही.

त्याचं वजन हाताला कळू द्या. डोळ्यांना दिसतं त्याहून ते जास्त आहे.

आनंद येईल. येऊ द्या. कानांत रक्ताची धडधड ऐकू येईल आणि तिच्याखाली गुणगुण बुडून जाईल.

बसा. इथेच, मातीवर.

श्वास घ्या. सोडा.

घ्या.

गुणगुण पुन्हा ऐकू येईपर्यंत उठू नका. धडधडत्या कानांनी पुढची जमीन ऐकता येत नाही, आणि पुढची जमीन आता जास्त महत्त्वाची आहे. असा दाणा पुष्कळदा एकटा नसतो. एकाच शिरेतून सुटलेले त्याचे सोबती याच उतारावर जवळपास कुठेतरी थांबलेले असतात.

ऐकू आली?

कण डबीत ठेवा. खड्डा पुन्हा एकदा ऐका. तळाशी दुसरा असू शकतो. मग बुजवा.

खड्ड्याभोवती एक लहान वर्तुळ घ्या. मग त्याच्याबाहेरून जरा मोठं. चढाच्या बाजूला जास्त वेळ द्या. दाणा तिकडूनच आला आहे.

साखळीच्या रेघा बघा. सकाळपासूनच्या ओळी उतारावरून वर-खाली गेल्या आहेत. आता त्याच जमिनीवर आडव्या ओळी घ्यायच्या. एका दिशेने जाताना जे निसटतं, ते कधीकधी दुसऱ्या दिशेने सापडतं.

जुन्या रेघेला काटकोनात उभे राहा. कॉइल वर-खाली करून माती पुन्हा ऐकवा यंत्राला.

अर्ध्या कॉइलएवढंच पाऊल.

डावीकडून सुरू करा.