खांब तोच, की नवा?

वाईजवळ मेणवलीत कृष्णाकाठी नाना फडणविसांचा अठराव्या शतकातला वाडा आहे. अशा जुन्या लाकडी वाड्यांचे खांब बहुधा बुडाशी, ओल धरते तिथेच कुजतात. हल्ली त्यावर इपॉक्सीचा उपाय आहे: भुसा झालेला भाग खरवडायचा, लाकूड वाळवायचे, पातळ इपॉक्सी तंतूंत मुरवायचे, पोकळी लांबीने भरायची. एकदा घट्ट झाले की ते पुन्हा वितळत नाही.

मग खांब सागाचाच राहिला का?

बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल असेच विचारले होते: चाक म्हणजे रथ, की आस म्हणजे रथ? त्याच्या लेखी रथ हे निव्वळ नाव. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, हे अमान्य. त्यांचा रथ खरा आहे. पण अवयव बदलला की जुना अवयवी (अख्खी वस्तू) नष्ट होऊन नवा उपजतो, असेही तेच म्हणतात. म्हणजे दर दुरुस्तीला नवा वाडा! घरपट्टीवाल्यांना हे कळू नये.

पुरीत २०१५च्या नवकलेवरात, म्हणजे मूर्ती बदलण्याच्या विधीत, जगन्नाथाची कडुनिंबाची मूर्ती नवी घडली. भक्तांसाठी देव तोच. हे उत्तर जास्त पटते. लाकडापेक्षा नांदते नाते मोठे.

तत्त्वचर्चा काहीही सांगो, दुरुस्ती करताना सांगलीत मात्र २००५, २०१९ आणि २०२१च्या पुरांत भिजलेल्या चौकटींची आधी ओल तपासावी. ओल्या लाकडावर इपॉक्सी थापले तर कूज आत चालूच राहते.