म्हातारीचे सोंग कुणाच्या वाट्याचे?

इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर १६६०नंतर स्त्रिया आल्या आणि पुरुषांच्या हातून स्त्रीभूमिका गेल्या, असे नाट्येतिहास सांगतो. हे अर्धेच खरे आहे. गेल्या त्या नायिका. फटकळ दाया, दुसरा नवरा शोधणाऱ्या विधवा, भांडकुदळ म्हाताऱ्या यांतल्या कितीतरी भूमिका पुरुषांकडेच राहिल्या, आणि ब्रिटनमधल्या नाताळच्या नाटकांत अजूनही आहेत. ही एवढीच जहागीर पुरुषांकडे का उरली आणि ती त्यांच्याकडे उरावी का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचा छडा लावल्याशिवाय दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नाही.

ज्या नाटकांत ही भूमिका जिवंत आहे त्यांना तिथे ‘पँटो’ म्हणतात. पँटोमाइम म्हटले की आपल्याला मूकाभिनय आठवतो. हा प्रकार मात्र कमालीचा बडबडा आहे. नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीपर्यंत गावोगावच्या नाट्यगृहांत सिंड्रेला, अल्लाउद्दीन, जॅक आणि त्याचा आभाळाला भिडलेला वेल अशा परिकथा गाणी, कोट्या आणि स्थानिक टोमणे घालून रंगवल्या जातात. पोरे खलनायकाची हुर्यो उडवतात, ‘अरे, मागे बघ!’ म्हणून नायकाला ओरडून सांगतात. अनेक नाट्यगृहांची वर्षभराची भिस्त या हंगामाच्या गल्ल्यावर असते. या सगळ्या धांगडधिंग्याची मालकीण असते ‘डेम’. ती नायकाची गरीब आई असते, स्वयंपाकीण असते, नाहीतर धोबीण. आणि तिचे काम पुरुष करतो. दर प्रवेशाला आधीपेक्षा भडक झगा, पहिल्या रांगेतल्या एखाद्या बापयाशी लगट, कणकेत किंवा साबणाच्या फेसात सगळ्यांनी लडबडून घेण्याचा एक प्रवेश, हे तिचे ठरलेले मानपान.

आता मागे जाऊ. शेक्सपिअरच्या काळी स्त्रीभूमिका मुलगे करत. राजेशाही परत आल्यावर दुसऱ्या चार्ल्सने स्त्रियांना रंगभूमी खुली केली आणि १६६२च्या राजपत्राने त्या मुभेवर मोहोर उठवली. सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीत हा बदल जवळून दिसतो. १६६०च्या ऑगस्टमध्ये स्त्रीवेषातल्या एडवर्ड किनॅस्टनच्या रूपावर तो लुब्ध झाला होता. १६६१च्या ३ जानेवारीला त्याने रंगमंचावर पहिल्यांदा खऱ्या स्त्रिया पाहिल्याची नोंद केली. किनॅस्टन पुढे पुरुषभूमिकांकडे वळला. पण त्याच काळातला विनोदी नट जेम्स नोक्स याचे मात्र उलट झाले. नटी रंगमंचावर रुळल्या, तरी १६७०च्या दशकात त्याने केलेल्या दाया इतक्या गाजल्या की लोक त्याला ‘नर्स नोक्स’ म्हणू लागले.

किनॅस्टनचे काम गेले आणि नोक्सचे राहिले, यात सगळे आले. नाटक कंपन्यांना नटी हवी होती ती तिच्या तारुण्यासाठी. तिला पुरुषी विजार घालायला लावणाऱ्या भूमिका मुद्दाम लिहिल्या जात, कारण त्यात पाय दिसत. सुरकुतलेल्या दाईचे पाय पाहायला तिकीट कोण काढणार? म्हणजे म्हातारीची भूमिका पुरुषांनी जिंकली नव्हती, हट्टाने राखलीही नव्हती. बाजाराला ती स्त्रियांना देण्याची गरज वाटली नाही, म्हणून ती मागे उरली.

हा नुसता इंग्रजांचा विक्षिप्तपणा नव्हे, हे आपला तमाशा सांगतो. नाच्या पोराची जागा स्त्रियांनी घेतली. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई हिवरगावकर उभ्या राहिल्या आणि फडाचे रूपच पालटले. गवळणी झाल्या त्या खऱ्या बायका. पण मथुरेच्या बाजाराला निघालेल्या त्या गवळणींची म्होरकी, कृष्णाशी आणि पेंद्याशी हुज्जत घालणारी मावशी, पुरुषाकडेच राहिली. लंडनमध्ये जे झाले तेच इथे. तरुण बाई आली, थोराड बाई आली नाही. संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांच्या नायिकांनी एका पिढीला वेड लावले, तरी पुढे नायिका नटींकडे गेल्या आणि आज सिंधू पुरुषानेच करावी असा आग्रह कुणी धरत नाही. मावशी बाईने केली तर मात्र काहीतरी चुकल्यासारखे वाटणारे रसिक अजून भेटतात. परंपरेचा अभिमान असा निवडक का असतो, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

तरीही डेमची गोष्ट इथेच संपवली तर तिच्यावर अन्याय होईल, कारण उरलेल्या भूमिकेतून पुढे फार मोठे काम उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जोसेफ ग्रिमाल्डी हा विदूषकांचा राजा होता. १८१४मध्ये कॉव्हेंट गार्डनला डिक व्हिटिंग्टनच्या कथेत त्याने डेम सेसिली सूएट नावाची स्वयंपाकीण केली. त्या काळच्या पँटोची रचनाच अशी होती की कथा थोडी पुढे सरकली की जादूची छडी फिरे, पात्रांचे रूपांतर होई आणि खरा दंगा सुरू होई. स्वयंपाकिणीच्या झग्यातून विदूषक बाहेर पडे. बाई हे नुसते टरफल होते.

पुढे १८४३च्या कायद्याने मोजक्या नाट्यगृहांची संवादी नाटकांवरची मक्तेदारी मोडली. शब्दांना भाव आला, विदूषकी दंगा आक्रसत गेला आणि परिकथा लांबत गेली. एच. जे. बायरनच्या १८६१च्या ‘अल्लाउद्दीन’मध्ये नायकाच्या आईला ट्वँकी हे एका चिनी चहाचे नाव मिळाले, ते आजतागायत टिकले. आता छडी फिरवून झग्यातून सुटका नव्हती. डेमला अख्खा खेळ डेम म्हणूनच काढायचा होता. मग तिला घर हवे, देणेकरी हवेत, नवऱ्याच्या आठवणी हव्यात. थोडक्यात, तिला आयुष्य द्यावे लागले.

ते दिले डॅन लेनोने. ड्रुरी लेन नाट्यगृहाचे चालक ऑगस्टस हॅरिस म्युझिक हॉलचे लोकप्रिय कलावंत पँटोत आणत होते. १८८८मध्ये त्यांनी लेनोला आणले आणि तो जवळपास अखेरपर्यंत तिथे राहिला. गरिबीत वाढलेला, लहानपणापासून पोटासाठी नाचलेला हा किरकोळ बांध्याचा माणूस चाळीसारख्या वस्त्यांतल्या बायका ओळखून होता. मिसेस केली नावाच्या शेजारणीविषयी तो रंगमंचावरून इतके बोले की ती कोण हे कधीच न कळूनही प्रेक्षकांना ती आपल्याच जिन्यावर भेटल्यासारखी वाटे. १९०२मध्ये त्याच्यासाठी ‘मदर गूज’ लिहिले गेले. सोन्याची अंडी देणारी हंसी मिळून श्रीमंत झालेल्या म्हातारीला मग सौंदर्य हवेसे वाटते आणि त्यापायी ती हंसी घालवून बसते. इथे डेम कथेच्या कडेची गंमत राहिली नाही. बाईचे म्हातारपण आणि जगाने त्याची केलेली किंमत हाच कथेचा विषय झाला. हसू तिच्या रूपावरून सुरू होते आणि तिच्या हट्टामागचे दुःख कळेपर्यंत ओसरत नाही.

म्हणून ‘पुरुषाने म्हातारी करणे म्हणजे बायकांची टवाळी’ हे सरसकट विधान मला पटत नाही. जॅकची आई भाडे थकले म्हणून गाय विकायला काढते; ट्वँकी धोबीघाट चालवून उनाड पोराला पोसते. पँटोत राजे बावळट, जमीनदार दुष्ट आणि नायक अंमळ मंद असतात. घर चालवते ती डेम. चांगल्या नटाच्या हाती ती टवाळीचा विषय नसते. ती स्वतः टवाळी करते. वाईट नटाच्या हाती मात्र उशीएवढी छाती आणि चिरका आवाज एवढेच उरते. तेव्हा हसायला बाईचे असणे एवढेच कारण पुरते.

पुरुष डेमच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद शरीराचा आहे. साठीची बाई जिन्यावरून गडगडली तर आपण धावतो. पुरुषाने म्हातारीचे सोंग घेतले आहे हे माहीत असले की हसतो. झग्याखाली पुरुष आहे हे प्रेक्षकाने क्षणभरही विसरू नये, असा डेमचा जुना दंडक आहे. डॅनी ला रूसारख्यांच्या झगमगीत स्त्रीसोंगापासून ती वेगळी पडते ती इथेच. हा दंडक हसण्याचा परवाना देतो, हे खरे. पण तो परवाना पुरुषालाच मिळतो का? म्युझिक हॉलची नेली वॉलेस ही बाई असून पँटोत डेम करायची. आणि ‘कुमारी गंगूबाई नॉन मॅट्रिक’मध्ये निर्मिती सावंतांची धडपड, आरडाओरड आणि फजिती पाहताना मराठी प्रेक्षकांना कुठे अवघडल्यासारखे झाले? विदूषकी करणारी बाई समोर आली की प्रेक्षक दोन मिनिटांत शिकतात.

उरते ती लगट. पुरुष डेम पहिल्या रांगेतल्या माणसाच्या मांडीवर बसते तेव्हा सभागृह खिदळते, आणि तेच साठीच्या नटीने केले तर कदाचित चुळबुळेल. ही चुळबुळ नटीच्या विरोधातला पुरावा म्हणून मांडली जाते. मला ती आपल्याविरुद्धचा पुरावा वाटते. वयस्क बाईला इच्छा असते ही कल्पना आपण पुरुषाच्या सोंगाआडूनच झेलू शकतो, एवढेच तिच्यातून सिद्ध होते.

इथे एक फरक नोंदवायला हवा. ब्रँडन थॉमसच्या १८९२च्या ‘चार्लीज आन्ट’चे अत्र्यांनी ‘मोरूची मावशी’ केले आणि विजय चव्हाणांनी ती मावशी घराघरांत नेली. तिथे पुरुष नटच हवा, कारण कथेतच एक पुरुष बाईचे सोंग घेतो. बाकीची पात्रे फसतात आणि प्रेक्षक फसत नाहीत, यातच मजा आहे. डेमचे तसे नाही. पँटोच्या जगात ती खरीखुरी बाई आहे. मोरूच्या मावशीच्या नावावर पुरुषांना डेमचा हक्क सांगता येणार नाही.

मग पुरुषांचा हक्क इतकी वर्षे कुणाला टोचला कसा नाही? माझ्या मते त्याचे कारण एका अलिखित देवघेवीत आहे. व्हिक्टोरियन काळापासून पँटोचा नायक, म्हणजे अल्लाउद्दीन, जॅक, डिक व्हिटिंग्टन, तरुण नटी करत. त्याला ‘प्रिन्सिपल बॉय’ म्हणत. पुरुष म्हातारी करतो आणि बाई हिरो करते, असे ते उलटेपालटे जग होते. त्यातही नटीच्या पायांचा हिशेब होताच, पण साहस करणे, राक्षस मारणे, राजकन्या जिंकणे हे सारे तिला मिळत होते. १९५६मध्ये लंडन पॅलेडियमला नॉर्मन विझ्डम अल्लाउद्दीन झाला, १९६४मध्ये त्याच रंगमंचावर क्लिफ रिचर्ड झाला, आणि लोकप्रिय पुरुष कलावंत नायक करू लागले. प्रिन्सिपल बॉय नाहीशी झाली नाही, पण दुर्मीळ होत गेली. देवघेवीतली एक बाजू पुरुषांनी परत घेतली आणि दुसरी परंपरा म्हणून ठेवून घेतली. आता नायक त्यांचा आणि नायकाची आईही त्यांचीच. बायकांच्या वाट्याला राजकन्या, परी आणि दुष्ट राणी. वयस्क विनोदी नटीला आधीच भूमिकांची वानवा. त्यात रंगमंचावरची सर्वांत रसाळ म्हातारी तिच्यासाठी बंद. परंपरेचा दाखला द्यायचा तर सबंध द्यावा. सोयीचा अर्धा भाग तेवढा परंपरा होत नाही.

याचा अर्थ पुरुषांना डेम करायला मनाई करावी असा नाही. यॉर्कच्या रॉयल नाट्यगृहात बर्विक केलर चार दशके डेम होता. त्या शहरासाठी ती भूमिका गावच्या जत्रेइतकी आपली झाली होती. इयन मॅकेलनने २००४मध्ये ओल्ड व्हिकला ट्वँकी केली आणि २०२२मध्ये वयाच्या ८३व्या वर्षी मदर गूज. म्हातारपणावरचे नाटक खऱ्या म्हाताऱ्या नटाने केले की त्यात बाई-पुरुष हा भेद किती पातळ होतो, याचा तो नमुना होता. हॅकनी एम्पायरमध्ये कृष्णवर्णीय नट क्लाइव्ह रोवने डेमला लंडनच्या मिश्र वस्तीचा सूर दिला. असे काम कायद्याने किंवा लाजेने बंद पाडणे हा करंटेपणा ठरेल. पण पँटो बदलतच आला आहे. अल्लाउद्दीनच्या खेळातली चिनी माणसांची टर उडवणारी नावे आणि रंगरंगोटी अलीकडे अनेक निर्मात्यांनी टाकून दिली. खेळ बुडाला नाही.

तेव्हा बंद करायचा तो पुरुषांचा प्रवेश नव्हे, त्यांचा मक्ता. डेम निवडताना निर्मात्याने दोनच गोष्टी पाहाव्यात: हजार माणसांच्या गलक्यावर स्वार होण्याची जीभ आहे का, आणि भाडे थकलेल्या विधवेची अडचण खरी वाटेल असे काळीज आहे का. या कसोटीला उतरणारा पुरुष असेल तर तो, बाई असेल तर ती. आणि पुरुषाला डेम देणाऱ्या निर्मात्याने त्याच खेळात नायकाची तलवार एखाद्या नटीच्या हाती द्यावी. उलटेपालटे जग दाखवायचे तर ते दोन्ही बाजूंनी उलटे असावे. गवळणीतल्या मावशीसाठी माणूस शोधणाऱ्या आपल्या फडांनाही हाच हिशेब मांडायला हरकत नाही.