नियमाचे मौन

मुळात नियमबाह्य असलेली गोष्ट केवळ पुष्कळ वर्षे टिकली म्हणून नियमात बसते काय? प्रश्न जुना आहे, आणि न्यायालयापुढे त्याचे उत्तरही ठरून गेले आहे. परंतु लखनौसारख्या, भोवतालची खेडी पोटात घेत वाढणाऱ्या शहरात तो रोज नव्याने उभा राहतो. ज्यांच्या सहीने जमिनीचा उपयोग ठरतो वा बदलतो अशा मंडळींत आमचे पुष्कळ वाचक मोडतात. म्हणून त्याचा येथे विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम तत्त्व पाहू. अमुक जमीन वस्तीला, अमुक बाजाराला, अमुक मोकळी, अशी वाटणी करण्याचा अधिकार समाजाला आहे, हे आम्हांस मान्य आहे. नदीला पावसाळ्यात अंग पसरावयास जागा हवी, मुलांना मैदान हवे, दिवसभर राबलेल्याला रात्रीची शांतता हवी. या गरजा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडल्या, तर ज्याच्यापाशी पैसा त्याचीच गरज भागेल. उत्तर प्रदेशात १९७३ च्या नगर नियोजन व विकास अधिनियमाने हे काम विकास प्राधिकरणांकडे सोपविले. परवानगीवाचून बांधू नये, बांधल्यास पाडण्याचा हुकूम निघू शकतो, हे त्याचे सार. हेतू दुबळ्याच्या रक्षणाचा आहे, यात शंका नाही.

आता व्यवहार पाहू. कुकरैल नदीच्या काठची अकबरनगर ही वस्ती जून २०२४ मध्ये जमीनदोस्त करण्यात आली. बाराशेहून अधिक बांधकामे गेली. त्याआधी मार्चमध्ये उच्च न्यायालयाने आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांचा त्या जमिनीवर हक्क नाही असा निर्वाळा दिला होता. मात्र पर्यायी निवारा दिल्यावाचून कोणास हलवू नये, असेही बजावले होते. त्याप्रमाणे हरदोई रस्त्यावरील बसंत कुंज येथे घरे देऊ करण्यात आली. रहिवाशांचे म्हणणे असे होते की, आम्ही येथे कित्येक दशके राहिलो, घरपट्टी भरली, विजेची देयके चुकती केली. पट्टी भरल्याने मालकी येत नाही, हे कायद्याचे उत्तर बिनतोड आहे. तथापि पट्टी घेणारा हात आणि पाडण्याचा हुकूम लिहिणारा हात एकाच शासनाचे असतात, हेही तितकेच खरे.

मेरठच्या शास्त्रीनगरातील निवासी भूखंडावर दुकाने उभी राहिली होती. त्या प्रकरणात १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की काळ लोटला, पैसा गुंतला किंवा अधिकारी स्वस्थ बसले, यांपैकी कशानेही बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. अन्यथा डोळे मिटून घेणारा कोणताही अधिकारी सार्वजनिक जमीन मनास येईल त्यास बहाल करू शकेल. म्हणजे मौनातून हक्क निर्माण होत नाही. पण मौनातून ऋण निर्माण होते, असे आम्ही म्हणतो. त्याच निकालात न्यायालयाने दोषी अधिकाऱ्यांवरही कारवाई व्हावी असे सांगितले आहे, ते बहुधा याच जाणिवेने. मात्र घर पडते ते त्यात राहणाऱ्याचे. गप्प बसलेला तोवर बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो.

उलट टोकही आपल्या परिचयाचे आहे. उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामे दंड घेऊन नियमित करण्यासाठी महाराष्ट्राने २००६ साली खास कायदा केला. दया म्हणून हे योग्य वाटेल. पण ज्याने परवानगीसाठी खेटे घातले आणि नियम पाळून एक मजला कमी चढविला, त्याला आपण मूर्ख ठरलो असे वाटल्यास त्याला काय उत्तर द्यावयाचे? सरसकट पाडणे आणि सरसकट माफ करणे या दोहोंत दोष एकच: प्रत्येक प्रकरण वेगळे पाहण्याचा कंटाळा.

लखनौने हे दोन्ही मार्ग अनुभवले आहेत. १८५८ साली रॉबर्ट नेपियरने सैन्याच्या सोयीसाठी जुन्या वस्त्यांतून सरळ रुंद रस्ते काढविले. पुढे १९१६ साली पॅट्रिक गेडिस याने याच शहरासाठी नगररचनेचा अहवाल लिहिला. आधी गल्ल्या पायी हिंडाव्यात, माणसे कशी राहतात ते पाहावे, आणि अडेल तेवढीच भिंत काढून बाकीचे घर राखावे, ही त्याची पद्धत. हाच गेडिस पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. नेपियरच्या हाती नकाशा होता, गेडिसच्याही हाती होता. फरक होता तो नकाशातील माणूस दिसण्या-न दिसण्याचा.

आणखी एक विचार. २०२५ साली उत्तर प्रदेशाने बांधकामाचे नियम बदलले आणि वैद्य, वकील अशा व्यावसायिकांना राहत्या घराच्या पाव भागात आपले काम करण्याची मुभा दिली. कालवर जो नियमभंग होता तो आज रीतसर झाला. यावरून नियम पोकळ असतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु जो नियम सामान्य माणसाच्या जगण्याशी जुळत नाही, तो अधिकाऱ्याला गप्प बसावयास भाग पाडतो. आणि गप्प बसण्याची सवय एकदा लागली की जेथे बोलणे अगत्याचे असते, त्या नदीकाठीही ती सुटत नाही.

म्हणून शासनाचे ऋण तिहेरी आहे. पाळता येईल असाच नियम करावा. केलेला नियम पहिली वीट पडते तेव्हाच सांगावा. आणि सांगावयाचे राहून गेले असेल, तर पाडण्यापूर्वी त्या राहून गेलेल्या वर्षांची भरपाई म्हणून पुरेशी मुदत आणि रोजगाराजवळचा निवारा द्यावा. यांतील दुसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. पायाच्या चराशी उभे राहून सांगावयास एक शिपाई आणि एक कागद पुरतो. तीस वर्षांनी तेच सांगावयास यंत्रे लागतात, पोलीस लागतात, आणि एवढे करूनही ज्यांना ते सांगितले जाते त्यांना ते न्यायाचे बोलणे वाटत नाही.