रखवालीची किंमत

देहूहून तुकोबांची पालखी निघते, तेव्हा पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यात होते. पुढे वाट देहूरोडला लागते. तिथे लष्कराच्या दारूगोळा कोठाराची हद्द. आजचा राजकीय वाद ऐकला तर दर्ग्यापाशी थांबणे म्हणजे लांगूलचालन आणि लष्कराची हद्द म्हणजे खंबीरपणा. या मुलखाने मात्र हा प्रश्न इतका सोपा कधी मानला नाही.

तुकोबांच्या पाइकाच्या अभंगांतला शिपाई गोळ्या-बाणांचा मारा सोसतो, पण इतरांची वाट मोकळी व्हावी म्हणून. रूपक भक्तीचे, तरी शस्त्र कोणाच्या कामी येते, ही कसोटी त्यात आलीच.

पुढे रखवालीचा व्यवहार मराठ्यांनीच मांडला: चौथ भरा, मुलूख सांभाळू. 1719 मध्ये दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची सनद मिळाली. आपण तो पराक्रम म्हणून वाचतो. चौथ भरणाऱ्याला ती लाचारीच वाटली असणार. मग पारडे फिरले. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या फौजेला धूळ चारली आणि पेशवा दुसरा बाजीराव वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. 31 डिसेंबरच्या तहाने त्याने तैनाती फौज पदरी घेतली, तिच्या खर्चापोटी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला आणि इतर सत्तांशी परस्पर बोलण्याचा हक्कही गमावला. होळकरांचे भय टळले, पण 1818 मध्ये पेशवाईच बुडाली. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 मध्ये चौथाई आणि तैनाती फौज यांतले साम्य दाखवले, ते उगाच नाही.

या गुंत्याला नेमकी कसोटी दिली डॉ. आंबेडकरांनी. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याआधी पाकिस्तानवरच्या ग्रंथात मनधरणी आणि समझोता यांत त्यांनी फरक केला होता. आक्रमकाच्या अत्याचारांकडे काणाडोळा करून त्याला विकत घेणे ही मनधरणी, आणि तिला अंत नसतो. समझोत्यात दोघांनाही ओलांडता न येणारी हद्द आखलेली असते. त्यांचा रोख काँग्रेसच्या मुस्लिमविषयक धोरणावर होता. पण हीच कसोटी दर्ग्यातल्या आरतीला लावा: तिथे कोणी कोणाला घाबरून थांबत नाही, मग मनधरणी कुठली? आणि वसईच्या तहाला लावली, तर रक्षणकर्त्याचीही मनधरणी होते हे उघड दिसते.

13 फेब्रुवारी 2010 ला पुण्याच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला. त्यानंतरची भीती खरी होती, पोलीस आणि जवान हवेतच. पण 2006 च्या मालेगाव स्फोटांत मोक्का कायद्याखाली पकडलेल्यांनी सुमारे पाच वर्षे तुरुंगात काढली आणि 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. हद्द न आखता दिलेल्या अधिकाराची ती किंमत होती. खऱ्या गुन्हेगारांपर्यंत पोहोचण्यातली वर्षे वाया गेली, ती वेगळीच.

दहशतवाद्याला सवलत नको, हे सगळेच म्हणतात आणि ते बरोबरच आहे. रखवालदारालाही हद्द हवी, असे म्हटले की लगेच देशभक्ती तपासली जाते. तरी ते म्हणावे लागेल. गणवेशातला माणूस हुकूम पाळतो. त्या हुकमाची हद्द ठरवणे मतदाराचे काम आहे.