हातावर नाणे की हाताला काम?



प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात जन्मापासून पांगळा असलेला एक मनुष्य भेटतो. लोक त्याला दररोज उचलून आणीत आणि मंदिराच्या 'सुंदर' नावाच्या दरवाजापाशी भीक मागायला ठेवीत. येणारे-जाणारे भाविक देत त्यावर तो जगला खरा. पण राहिला दरवाजाबाहेरच. पेत्राने उजवा हात धरून त्याला उठवले, तेव्हा तो त्याच्याबरोबर आत गेला.

गरीब अपंगाला आपण काय देणे लागतो, दान की काम? २०११च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांपैकी ४५ टक्के निरक्षर. २०१६च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत त्यांच्यासाठी ४ टक्के जागा राखून ठेवल्या. पण ज्याने शाळेची पायरीच पाहिली नाही, त्याच्यापर्यंत ती नोकरी कशी पोहोचणार? त्याला गावातच पोटापाण्याचा धंदा हवा.

बाबा आमटे यांनी १९५१मध्ये वरोऱ्याजवळ सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभारायला घेतले. झडलेल्या बोटांनी माळरानावर भाजीपाला पिकवला. पण सुरुवातीला तो कोणी विकत घेईना! कष्टांची कमतरता नव्हती, पीकही आले होते. अडले ते शेजाऱ्यांच्या मनाशी. अपंगाची उपजीविका त्याच्या हातांइतकीच आपल्या खरेदीवर उभी असते. दान देताना आपला हात वर असतो. विकत घेताना दोन्ही हात एका पातळीवर येतात.

मग ज्याला कामच जमणार नाही, त्याचे काय? माणसाची किंमत कामाने ठरत नाही. तो देवाची प्रतिमा आहे. त्याचा सांभाळ हे आपले कर्तव्यच. परंतु जमण्यासारखे असूनही काम नाकारणे हा अन्याय होय. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१च्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या परिपत्रकात बजावले आहे की, केवळ धडधाकटांनाच कामात सामावून घेणारा समाज माणुसकीला शोभत नाही.

आपल्या धर्मग्रामात कोणाला शिलाई मशीन हवे असेल, कोणाला दुकानासमोर उतरण, कोणाला पहिले गिऱ्हाईक. या आठवड्यात अशा एका घरी जाऊन 'काय देऊ?' असे विचारण्याऐवजी 'तुला काय करता येते?' असे विचारूया. आणि त्याने केलेली वस्तू पूर्ण दामाने विकत घेऊया. घासाघीस न करता.