पडलेल्यांना दया, विचारणाऱ्यांना धाक

पंडिता रमाबाई आणि सिस्टर जेराल्डाइन यांची पत्रे मराठी ख्रिस्ती माणसाने, त्यातही मंडळीत काही अधिकार हाती असलेल्या माणसाने, एकदा तरी मन लावून वाचावीत. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. एका बाजूला पंचविशीतली विधवा, पदरात दोन-अडीच वर्षांची मनोरमा, परका मुलूख, आणि नुकताच स्वीकारलेला नवा धर्म. दुसऱ्या बाजूला इंग्लंडातल्या वाँटेजच्या अँग्लिकन मठातली एक भगिनी, जिच्याकडे या विदुषीला ख्रिस्ती वळण लावण्याचे काम सोपवलेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला आणि दोघींमधला खरा वाद त्यानंतर पेटला.

वादाचे विषय लहानही होते आणि फार मोठेही. रमाबाई अंडे घातलेला पदार्थ खात नसत. जेराल्डाइनबाईंना त्यात जातीचा ताठा दिसे. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृत काय कमी पवित्र आहे, असे रमाबाईंनी विचारले. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या अडल्या. आपल्याला जे पटलेले नाही ते मनोरमाला कोणी पाठ करायला लावू नये, यासाठी भांडल्या. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विषय निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी नापसंती कळवली. हिंदुस्थानात त्यांच्या नावाला बट्टा लागेल, असे कारण दिले गेले. रमाबाईंना याचे नवल वाटले. त्यांच्या शास्त्रीवडिलांनी आणि नवऱ्याने जी गोष्ट कधी गैर मानली नाही, ती ख्रिस्ती इंग्रजांना गैर वाटावी! भर सभांतून पंडितांपुढे बोललेली, कलकत्त्याने 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई. तिला आता सांगितले जात होते की आधी आज्ञापालन शिक, समजणे नंतर होईल.

जेराल्डाइनबाईंना खलनायिका करणे सोपे आहे, पण तो अन्याय होईल. त्यांचे रमाबाईंवर प्रेम होते, मनोरमावर तर फारच. संबंध तुटला नाही, पत्रे पुढेही चालू राहिली. आणि त्यांच्याशी वाद घालणारी, त्यांना दुखावणारी पत्रेसुद्धा त्यांनीच जपली, त्यांनीच एकत्र केली. आज आपण ती वाचू शकतो ते या जपणुकीमुळे. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते. इथे कठोरपणा आहे, पण तो दुष्टाव्यातून आलेला नाही. प्रार्थना करणारी, स्वतः कडक व्रतात जगणारी, समोरच्याचे भले इच्छिणारी व्यक्तीही कशी कठोर होते, ते इथे दिसते.

याच वाँटेजच्या भगिनींचे लंडनमध्ये फुलहॅम इथे एक घर होते. वाईट मार्गाला लागलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. रमाबाई तिथे काही दिवस राहिल्या. त्या बायकांना कोणी हिणवत नव्हते, आणि त्यांतल्या काही सावरून इतरांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी आपल्या आयुष्यात असे काही पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असे विचारल्यावर तिथल्या भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय, शमरोनी स्त्रीची गोष्ट, वाचून दाखवली. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी सांगितले आहे की ख्रिस्ताकडे त्यांचे मन खऱ्या अर्थाने ओढले गेले ते तिथे.

म्हणजे ज्या मठाच्या दयेने रमाबाईंना जिंकले, त्याच मठाचा धाक त्यांच्या वाट्याला आला. पाय घसरलेल्या बाईला तिथे ऊब होती. ताठ उभे राहून शंका विचारणाऱ्या बाईला मात्र अहंकारी ठरवले जात होते. ही त्या एका मठाची किंवा त्या काळाची गोष्ट असती तर मी लिहायला बसलो नसतो. ख्रिस्ती पुढारीपण बहुतेक वेळा इथेच अडखळते. पापी माणसावर दया करणे अवघड असेल, पण त्याने अधिकाराला धक्का लागत नाही. उलट दया करणाऱ्याचा मान वाढतो. प्रश्न विचारणारा मात्र खाली मान घालून आलेला नसतो. त्याला जवळ घ्यायचे तर पुढाऱ्याला आपल्या आसनावरून थोडे सरकावे लागते.

तो चौथा अध्याय पुन्हा वाचावा. पाच नवरे झालेली आणि आता कोणाबरोबर तरी राहणारी ही स्त्री आपल्या प्रवचनांतून नेहमी पापिणी म्हणून येते. पण ती विहिरीपाशी करते काय? ती हुज्जत घालते. तू यहूदी असून माझ्याकडे पाणी कसे मागतोस? तुझ्याकडे पोहरा नाही, विहीर खोल आहे, पाणी काढणार कसे? ही विहीर आम्हाला देणाऱ्या आमच्या बापापेक्षा, याकोबापेक्षा तू मोठा आहेस काय? तिचे खासगी आयुष्य उघडे पडल्यावरही ती गप्प बसत नाही. दोन समाजांमधला शेकडो वर्षांचा वाद ती काढते: देवाची उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत? येशू यातल्या एकाही प्रश्नाला उद्धटपणा म्हणत नाही. आधी सुधार, मग विचार, असे तिला ऐकावे लागत नाही. उपासनेविषयीचे त्याचे सर्वांत खोल बोलणे या प्रश्नाचे उत्तर म्हणून येते, आणि ते शिष्यांना नव्हे, या बाईला सांगितले जाते. शुभवर्तमानांत एका माणसाशी येशूचे इतके लांब संभाषण दुसरे सापडणे कठीण. फुलहॅममध्ये हा अध्याय पतितेची गोष्ट म्हणून वाचला गेला. वाँटेजमध्ये तो प्रश्न विचारणारीची गोष्ट म्हणून वाचला असता तर रमाबाईंची ती दोन-तीन वर्षे वेगळी गेली असती.

तसे वाचणारे कोणी तिथे नव्हतेच असे नाही. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी रमाबाईंच्या शंकांना पत्रांतून उत्तरे दिली. विचार करणाऱ्या बाईला विचार करूनच विश्वासापर्यंत येऊ द्यावे लागेल, हे त्यांनी ओळखले होते. बीलबाई स्वतःच्या श्रद्धेत सैल नव्हत्या, आणि त्यांचे सगळे रमाबाईंना पटले असेही नाही. पण समोरच्याच्या मनात देव आधीपासून काही करतो आहे, आपण पोहोचण्यापूर्वीच त्याचे काम सुरू झाले आहे, यावर त्यांचा भरवसा होता.

दयाळू आणि कठोर पुढाऱ्यातला फरक मला या भरवशात दिसतो. स्वभाव मवाळ की तापट, ही गोष्ट दुय्यम. इब्री लोकांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पुढाऱ्यांविषयी म्हटले आहे की लोकांच्या जिवांचा हिशोब त्यांना द्यायचा आहे. हे वाक्य ज्याच्या काळजाला लागले तो दोन वाटांनी जाऊ शकतो. एखादा रात्री जागून लोकांसाठी प्रार्थना करील. दुसरा घाबरून मूठ आवळेल, कारण एक जरी जीव हातचा गेला तरी जाब आपल्यालाच विचारला जाईल असे त्याला वाटत असते. जेराल्डाइनबाईंच्या पत्रांत ही भीती पानोपानी जाणवते. ज्या मेंढपाळाला वाटते की कळप आपलाच आहे, मालक कोणी दुसरा नाही, त्याच्या हातात काठीशिवाय काही उरत नाही.

रमाबाई पुढे स्वतः पुढारी झाल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. तिथल्या ब्राह्मण विधवांना आपले सोवळे-ओवळे, आपला स्वयंपाक आपल्या रीतीने सांभाळण्याची मोकळीक होती, आणि ती देणारी स्वतः ख्रिस्ती झालेली बाई होती. वाँटेजमध्ये ताटातल्या अंड्यावरून जे सोसले त्याचे हे उत्तर असावे, असा माझा तर्क आहे. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसत. त्यावरून १८९३ साली पुण्यात गदारोळ झाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदी निराधार होती असे मी म्हणणार नाही. काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याच. पण मुलींना येऊ नका म्हणून रमाबाईंनी दार लावले नाही, आणि या म्हणून सक्तीही केली नाही. पुढे दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले, तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या पसाऱ्यात घंटा आल्या, नियम आले, कामाच्या पाळ्या आल्या. याच केडगावात रमाबाईंनी कृपा सदन काढले ते फुलहॅममध्ये पाहिले तशाच स्त्रियांसाठी.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. दया दया म्हणत मंडळीत वाटेल ते खपवून घ्यायचे काय? पौलाने तसे केले नाही. करिंथच्या मंडळीतल्या एका माणसाचे उघड दुराचरण त्याला कळले तेव्हा त्याला बाहेर काढा, असे त्याने ठणकावले. पण करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, शिक्षा भोगलेल्या एकाविषयी (परंपरा त्याला हाच माणूस मानते), तोच पौल लिहितो की आता पुरे. क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठाचे नियम लिहिले तेव्हा पौलाच्या या काळजीचे त्याने थेट व्यवस्थेत रूपांतर केले. ज्या बंधूला शिक्षा म्हणून पंगतीतून आणि प्रार्थनेतून वेगळे केले आहे, त्याच्याकडे मठाधिपतीने काही वयस्क, समजूतदार बंधू गुपचूप पाठवावेत. जणू आपल्याच मनाने आलो, अशा रीतीने त्यांनी त्याला धीर द्यावा. शिक्षा जाहीर, सांत्वन गुप्त. आणि शिक्षा करणाराच सांत्वनाची तजवीज करतो. मंडळीच्या शिस्तीबद्दल इतकी माणूस ओळखणारी दुसरी सूचना मला माहीत नाही.

शिस्त नसलेली दया किती क्रूर होते हे बोस्टनने दाखवले. लहान मुलांवर अत्याचार केलेल्या धर्मगुरूंना तिथल्या वरिष्ठांनी वर्षानुवर्षे एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवले. २००२ साली 'बोस्टन ग्लोब'ने ते उघडकीस आणले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना आर्चबिशपपद सोडावे लागले. त्या बदल्यांमागे दयेची भाषा होती: चुकला आहे, पश्चात्ताप झाला आहे, आणखी एक संधी द्यावी. पण ती दया आपल्यातल्यावर, वरच्यावर होती आणि तिची किंमत मुलांनी मोजली. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात देव मेंढपाळांवर तुटून पडतो, कारण जखमी मेंढराला त्यांनी पट्टी बांधली नाही आणि कळपावर मात्र जबरदस्तीने सत्ता गाजवली. येशूचे सर्वांत जळजळीत शब्दही वरच्यांसाठी, शास्त्री आणि परुश्यांसाठी आहेत. जकातदारांकडे आणि पापी म्हणवल्या गेलेल्यांकडे तो जेवायला जातो. त्याचा कठोरपणा वर जातो, दया खाली उतरते. आपल्याकडे बऱ्याचदा हा प्रवाह उलटा वाहतो.

आपल्या मंडळ्यांतले नेहमीचे चित्र पाहा. व्यसनातून सुटलेला माणूस साक्ष द्यायला उभा राहिला की सगळ्यांचे डोळे भरून येतात, आणि यावेतच. पण वार्षिक सभेत कोणी ट्रस्टच्या जमिनीचा हिशोब विचारला, एखाद्या तरुणीने वेदीजवळच्या सेवेत बायकांना जागा का नाही असे विचारले, की वातावरण एकदम थंड होते. तिच्यासाठी प्रार्थना करू या, असे म्हटले जाते, आणि ती प्रार्थना उत्तराऐवजी असते. काही ठिकाणी दाविदाचे उदाहरण पुढे केले जाते: परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकू नये. पाळकाला प्रश्न विचारणे म्हणजे अभिषिक्ताला हात लावणे, असा त्याचा अर्थ लोकांच्या गळी उतरवला जातो.

एन-गेदीच्या गुहेतली ती गोष्ट शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायात आहे. शौल राजा तीन हजार माणसे घेऊन दाविदाला मारायला निघालेला. तो एकटाच गुहेत येतो. आत लपलेला दावीद त्याच्या झग्याचा काठ कापतो, पण त्याला इजा करत नाही, आपल्या माणसांनाही करू देत नाही. इथपर्यंत आपल्याला व्यासपीठावरून ऐकायला मिळते. पुढचे क्वचितच कोणी सांगते. शौल बाहेर पडताच दावीदही बाहेर येतो, त्याला मोठ्याने हाक मारतो, जमिनीपर्यंत लवून नमस्कार करतो आणि मग कापलेला काठ हातात धरून उघड्यावर विचारतो: लोकांच्या सांगण्यावर तू विश्वास का ठेवतोस? कोणाच्या पाठीस लागला आहेस? हात न टाकणे आणि जाब न विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाविदाला कळत होते. आणि त्या दिवशी शौलालाही कळले. तीन हजार माणसे पाठीशी असलेला राजा हेल काढून रडला, आणि माझ्यापेक्षा तू अधिक नीतिमान आहेस असे त्याने दाविदाला सांगितले.